सरळ टेबलाचं घर

रविवार, १२ ऑक्टोबर. रक्कम पाचशे एक युरो, रोख. पन्नासच्या दहा नोटा आणि एक युरोचं नाणं. देणारा मी. घेणाऱ्या फ्राऊ (म्हणजे श्रीमती) नोवाक, वय ब्याऐंशी, घराच्या मालकीण. हजर: माझा धाकटा भाऊ नितीन, त्याची बायको मेघना आणि त्यांची नऊ वर्षांची अन्वी. ठिकाण जर्मनीतलं एसेन शहर, त्याचा उत्तरेकडचा भाग, विटांच्या एका जुन्या घराची बैठकीची खोली. वेळ दुपारी सव्वाचार.

हे सगळं त्याच संध्याकाळी वहीत लिहिलं होतं, म्हणून आज नेमकं सांगता येतं. नाशिकला एका कारखान्यात तपासणी विभागात माझी एकतीस वर्षं गेली. आलेला माल मोजायचा, मापात असेल तर सही करायची, नसेल तर परत पाठवायचा. प्रवासातही एक सहा इंची पाणसळ, सपाटी बघायचं साधन, माझ्या बॅगेत असते. विमानतळावर ती दोनदा बाहेर काढून दाखवावी लागली. तिच्यातला बुडबुडा पाहून तिथला तपासनीस हसला आणि त्याने ती आपल्या टेबलावर ठेवून बघितली. टेबल तिरकं होतं. मी पाणसळ परत बॅगेत ठेवली.

नितीन एसेनमध्ये अकरा वर्षं आहे, यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. त्याच्या घरमालकाला जागा स्वतःच्या मुलासाठी हवी होती, त्यामुळे मार्चअखेर घर सोडायचं होतं. भाड्याने घर मिळवायचं तर तिथे एकेका जागेला शंभर-शंभर अर्ज येतात. म्हणून त्याने विकतच घ्यायचं ठरवलं. फ्राऊ नोवाक यांचं घर तीन लाख युरोला मिळत होतं, त्या भागाच्या मानानेही स्वस्त. नितीनची सगळी शिल्लक त्यात जाणार होती आणि वर तेवीस वर्षांचं कर्ज. शुक्रवारी नोटारकडे, म्हणजे तिथल्या खरेदीखत करणाऱ्या वकिलाकडे, सह्या. मी दिवाळीला म्हणून गेलो होतो, पण खरं तर त्याने मला घर बघायला बोलावलं होतं.

"दादा, तू एकदा हो म्हण, मग मी डोळे मिटून सही करतो," असं तो फोनवर म्हणाला होता.

बोलावणं साडेतीनच्या कॉफीचं होतं. आम्ही चार मिनिटं आधी पोचलो आणि नितीनने आम्हाला फाटकाबाहेर चार मिनिटं उभं केलं. धुकं इतकं होतं की समोरच्या घराचा तळमजलाच दिसत होता. बरोबर साडेतीनला त्याने घंटा वाजवली, आणि दार लगेच उघडलं. बाई आतल्या बाजूला चार मिनिटं उभ्या असणार.

घरात पाऊल टाकल्यावर मला किंचित गरगरलं. बोटीवर चढताना होतं तसं. रक्तदाबाच्या गोळीची वेळ विमानामुळे साडेतीन तास सरकली होती, त्यामुळे असेल असं मी धरलं. भिंतीवरच्या तसबिरी जराशा तिरक्या वाटत होत्या. त्याही मी गोळीच्याच खात्यावर टाकल्या.

आलुबुखाराचा केक होता, वर घट्ट साय. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. तिथे एकदा विचारतात, नाही म्हटलं की ताट उचलतात. मी सवयीने पहिल्यांदा नको म्हणालो आणि दुसरा तुकडा गेला. मेघना हळूच म्हणाली, "दादा, इथे पहिल्या झटक्यात हो म्हणायचं. मी पहिलं वर्ष उपाशी काढलं."

केक झाल्यावर मी पाणसळ काढली. जेवणाचं जुनं ओकचं टेबल, गुडघ्यापर्यंत येणारं पांढरं कापड. कापडावरूनच ठेवली. बुडबुडा मधोमध, फार तर केसभर बागेच्या खिडकीकडे. तो केस मी सोडून दिला. मग भांड्यांच्या कपाटावर ठेवली, घड्याळाच्या फळीवर ठेवली. सगळीकडे तेच. पन्नाससाठ वर्षांच्या घरात असं मी नाशिकलाही पाहिलेलं नव्हतं. मी बाईंकडे बघून मान डोलावली आणि अंगठा वर केला.

फ्राऊ नोवाक उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काही बोलल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"खूश आहेत," नितीन म्हणाला. मिनिटभराच्या बोलण्याचे त्याने दोन शब्द केले.

"नितीन, घर सरळ आहे. घे."

आणि मी पाकीट पुढे केलं. व्यवहार ठरला की इसार द्यायचा, हे मला लहानपणापासून ठाऊक. नितीन कावराबावरा झाला.

"दादा, इथे असं नसतं रे. नोटारकडे सही होईपर्यंत बोलण्याला काही किंमत नाही, आणि पैशालाही नाही."

"किंमत नाही तर नुकसानही नाही. सांग त्यांना. आम्ही मागे फिरलो तर हे त्यांचे. त्या फिरल्या तर दुप्पट देतील."

"दुप्पट वगैरे मी सांगणार नाही."

"अहो, द्या ते पाकीट," मेघना नवऱ्याला म्हणाली. "दादांनी सकाळी त्याला कुंकू लावलंय."

बाईंनी नोटा मोजल्या, नाणं वेगळं काढलं आणि हे एक कशाला म्हणून विचारलं. शून्यावर व्यवहार थांबतो, एकाने पुढे चालतो, असं मी सांगितलं. "आख् सो," म्हणजे अस्सं होय, त्या म्हणाल्या आणि नाणं मुठीत धरून बसल्या. आम्ही निघेपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही.

सोमवार: डोक्यावरून गेलेली बोट

सोमवारी सकाळी नितीनला एक फोन आला. दक्षिणेकडच्या भागातली एक भाड्याची जागा, जिच्यासाठी त्याने उन्हाळ्यात अर्ज केला होता, ती अखेर त्याच्या नावावर निघाली होती. त्याने आभार मानून नकार दिला. माझ्यासमोर. "आता आपलं घर आहे," असं म्हणून ऑफिसला गेला.

मेघना चकल्या तळायला बसली. तिसऱ्या घाण्याला छतावरचा धुराचा भोंगा असा किंचाळला की खालचे म्हातारे गृहस्थ हातात बादली घेऊन वर आले. त्यांना चार चकल्या दिल्या. बादलीत घालून घेऊन गेले.

अन्वीला शरदाची सुट्टी होती. तिला घेऊन मी त्या घराच्या आसपासचा भाग पायी बघायला निघालो. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मी मराठीत विचारायचं, तिने हातवारे करून जर्मनमध्ये सांगायचं, असं आमचं ठीक चालतं. धुकं कालच्यासारखंच होतं. गल्लीच्या टोकाला गवताचा उंच बांध लागला, दोन मजले तरी असेल. मला वाटलं रेल्वेचा असणार. तेवढ्यात बांधाच्या वर, घरांच्या कौलांच्या रेषेत, एक लांबलचक काळी मालबोट आवाज न करता सरकत गेली. तिच्यावर एक माणूस दोरीवर कपडे वाळत घालत होता. आम्ही खाली रस्त्यावर उभे, आणि पाणी आमच्या डोक्याच्या वर.

"अन्वी, हे काय आहे?"

"कानाल," ती म्हणाली. तिला त्यात काही नवल नव्हतं. मग तिने तळहात सपाट धरून हळूहळू खाली नेला, आणि जमिनीकडे बोट दाखवलं. कालवा वर गेलेला नाही. शहर खाली गेलंय.

पुढे एक बुटकी इमारत होती, खिडक्या नसलेली. आतून एकसारखी घरघर येत होती. दारावर कुलूप, आसपास माणूस नाही. अन्वीने दाराला कान लावला, मग मलाही लावायला लावला. कोणी मोठं जनावर झोपेत श्वास घेतं तसा आवाज होता.

संध्याकाळी नितीनला विचारलं. तो म्हणाला, शंभर-दीडशे वर्षं खालून कोळसा काढला, वरची जमीन बशीसारखी बसली. ओढे उलटे वाहायला लागले. पावसाचं पाणी आपणहून बाहेर जात नाही, म्हणून पंप. पंप बंद केले तर इथे तळं होईल.

"किती दिवस चालवायचे?"

"कायम."

"कायम म्हणजे किती वर्षं?"

"दादा, कायम म्हणजे कायम. इथे त्याला शब्दच आहे, एविग्काइट्सलास्टेन. अनंतकाळाची ओझी."

मी आयुष्यात पुष्कळ अंदाजपत्रकं तपासली आहेत. मुदतीच्या रकान्यात अनंतकाळ लिहिलेलं एकही पाहिलं नव्हतं.

"हे तू मला आधी सांगितलं नाहीस."

"सगळं शहरच असं आहे. आणि घर सरळ आहे, तूच म्हणालास."

मंगळवार: पेन्सिल

मंगळवारी मेघनाला देवघराच्या भिंतीचं माप हवं होतं. नितीन कामावर, अन्वी मैत्रिणीकडे. आम्ही दोघंच फ्राऊ नोवाक यांच्याकडे गेलो. मेघना तिथल्या बालवाडीत शिकवते, तिचं जर्मन नितीनपेक्षा चांगलं, आणि ती शब्दाला शब्द लावून सांगते.

बाई स्वयंपाकघरात कॉफी करत होत्या. मी टेप लावून भिंत मोजली: चार मीटर वीस सेंटीमीटर. आकडा लिहिताना पेन्सिल हातातून सुटली. ती पडली आणि थांबली नाही. गालिच्याची कड ओलांडून, फळ्यांच्या जमिनीवरून, सावकाश, बागेच्या खिडकीखालच्या भिंतीपर्यंत गेली आणि टकटक वाजली.

मला पुन्हा गरगरलं. पण त्या दिवशी गोळी वेळेवर घेतलेली होती.

खिशातून किल्ल्या काढल्या, दोऱ्याला बांधून ओळंबा केला आणि भिंतीवरच्या एका तसबिरीशेजारी धरला. तसबीर ओळंब्यात होती. अगदी तंतोतंत. तिरक्या होत्या त्या भिंतीच्या कागदावरच्या उभ्या रेघा. त्या खोलीत लोंबकळणारं तेवढं सरळ होतं, बाकी भिंती, दारं, खिडक्या, छत सगळं एका बाजूला झुकलेलं.

मग मी रविवारी करायला हवं होतं ते केलं. गुडघ्यावर बसलो आणि पाणसळ जमिनीवर ठेवली. बुडबुडा दाराच्या टोकाला जाऊन चिकटला. टेप, दोरा आणि पाणसळ घेऊन हिशेब केला. चार मीटर वीसला बेचाळीस मिलिमीटर. मीटरला एक सेंटीमीटर.

मी टेबलाचं पांढरं कापड उचललं. बागेकडच्या दोन्ही पायांखाली पातळ लाकडी पट्ट्या होत्या, एकावर एक चार. आमच्या कारखान्यात यंत्राच्या पायाखाली घालतात त्यांना शिम म्हणतात. तशाच, पण ओकच्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. प्रत्येकीच्या कडेवर पेन्सिलीने वर्ष लिहिलं होतं. सगळ्यात खाली १९७८. मग ७९. मग ८१. मग ८४. भांड्यांच्या कपाटाखालीही तशाच. घड्याळाच्या फळीच्या ब्रॅकेटमागेही.

रविवारी मी घर मोजलंच नव्हतं. एका मेलेल्या माणसाचं काम मोजलं होतं आणि त्यावर सही केली होती.

"वर आणखी एक होती," मागून आवाज आला आणि मेघनाने त्याचं मराठी केलं. फ्राऊ नोवाक ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या मुळीच गडबडलेल्या नव्हत्या. ट्रे ठेवून त्यांनी कपाटातून पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा आणला. त्यात दोन पट्ट्या होत्या, दोन्हींवर १९८८.

"या मी गेल्या वर्षी वसंतात काढल्या. कॉफी कपात वाकडी दिसायला लागली होती. जमीन पुन्हा वर येतेय."

"दादा, त्या म्हणतात की तुम्हाला हे माहीतच आहे," मेघना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"मला? कसं?"

"त्यांनी आत्ता पुन्हा सांगितलं. रविवारी तुमच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या ते असं: 'माझा नवरा हाइन्त्स गेल्यापासून त्याचं काम कोणी तपासलं नव्हतं. आतापर्यंत नऊजण घर बघून गेले, एकानेही पाणसळ काढली नाही. तुम्ही काढलीत. घर तुम्हालाच, आणि वीस हजार कमी करून.' म्हणजे तीन लाखांचं दोन लाख ऐंशी हजारांना. मी तेव्हा अन्वीच्या ड्रेसवरची साय पुसत होते, माझं लक्ष नव्हतं. आणि ह्यांनी सांगितलं, खूश आहेत!"

त्यांनी काहीच लपवलेलं नव्हतं. मी टेबलाला दाद दिली आणि त्यांना वाटलं, या माणसाने सगळं पाहिलं.

कॉफी ओतता ओतता त्या सांगत होत्या, दूध हवं का विचारावं तशा आवाजात. हाइन्त्स खाणीत होता, त्याचा धाकटा भाऊही. १९७८ मध्ये एका सकाळी हाइन्त्सने छताचे टेकू तपासले आणि ठीक आहेत म्हणून खाली कळवलं. त्या दिवशी तीन माणसं वर आली नाहीत. धाकटा भाऊ त्यात होता. आग लागली होती, म्हणून तो भाग भिंत बांधून बंद केला, ते तिथेच राहिले. त्या हिवाळ्यात हाइन्त्सने टेबलाखाली पहिली पट्टी घातली. मग तो सगळंच मोजायला लागला. दार, चमचे, बाईंची पावलं.

"आता खाणीत पाणी वर चढतंय," त्या म्हणाल्या. "पाणी चढलं की जमीन चढते. अठ्ठ्याऐंशी निघालं. आता चौऱ्याऐंशीची पाळी. मग एक्याऐंशी. असं उलट. मी मोजते. अठ्ठ्याहत्तर निघेल तेव्हा पाणी त्या तिघांपर्यंत पोचलेलं असेल आणि जमीन त्या सकाळी होती तशी..."

वाक्य तिथेच सोडून त्यांनी बशी पुढे केली. केक हवा का विचारलं. मी पहिल्या झटक्यात हो म्हणालो.

परतताना बसमध्ये मेघना इतकंच म्हणाली, "मला जिने चढवत नाहीत, आखनला भाचीकडे जाणार, असं त्या म्हणाल्या. पण पट्ट्या कोणीतरी काढत राहायला हव्यात. म्हणून त्यांना आपण हवे आहोत."

बुधवार: राखाडी दगड

मंगळवारी रात्री नितीनला सांगितलं तेव्हा तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हात धुऊन पानावर बसला आणि दोन घास झाल्यावर म्हणाला, "सोमवारी सकाळी जागा सोडली मी, दादा." मग जेवत राहिला.

पण जमीन मुळात काय आहे हे जाणणाऱ्याला विचारल्याशिवाय नाही म्हणणं मला बरोबर वाटेना. एकदा चुकीच्या मोजमापावर हो म्हटलं होतं, आता न मोजता नाही म्हणणं ही तशीच चूक. नितीनच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांड्ट भेटले. वय सत्तरच्या पुढे; आयुष्यभर खाणींची मोजणी केलेले. एका लांब शेडमध्ये त्यांनी आम्हाला नेलं. आत रॅकवर लाकडी पेट्या, पेट्यांत जमिनीतून भोक पाडून काढलेले दगडाचे दांडे, खडूच्या कांड्या ठेवाव्यात तसे ओळीने. शहराखालची जमीन आडवी करून ठेवली होती. मीटरमीटरवर आकडे लिहिलेले. तिथे येण्याचं कारण वेगळं असतं तर मला ती जागा फार आवडली असती.

"वरची माती थोडी. मग हा मेर्गेल," ते म्हणाले, नितीन भाषांतर करत होता; या वेळी पूर्ण. राखाडी, मऊ, ओलसर दगड. त्यावर त्यांनी आम्लाचा थेंब टाकला, तो सोड्यासारखा फसफसला. "फसफसतो तो खडू. उरते ती चिकणमाती. इथे समुद्र होता, त्याचा गाळ. तुमच्या त्या घराखाली शंभराच्या वर मीटर हाच आहे. आणि त्याच्या खाली कोळसा, म्हणजे आता कोळशाच्या जागा."

"मजबूत आहे का?"

"कोरडा असेल तर इमारत पेलतो. उघडा पडून भिजला तर..." त्यांनी सुपारीएवढा तुकडा मला दिला. "घरी जाऊन पाण्यात टाका."

नकाशावर त्यांनी एक तुटक रेघ दाखवली. भूस्तरातली चीर. फ्राऊ नोवाक यांच्या घराच्या मधोमध जात होती. खाली पोकळी झाली तेव्हा रेघेची बागेकडची बाजू जास्त बसली. आता पाणी चढतंय तशी तीच बाजू किंचित उचलली जातेय. समान उचलली गेली तर कोणाला कळतही नाही. इथे समान नाही.

मग त्यांनी घराच्या नोंदणीचा उतारा वाचला. दुसऱ्या पानावर एक ओळ होती, नितीनने ती फोनमधून भाषांतर करून नेहमीचा मजकूर म्हणून सोडली होती. १९८९ साली मालकाने एकरकमी भरपाई घेऊन खाणीच्या नुकसानीवरचा हक्क सोडला होता. स्वतःचाही, आणि पुढच्या प्रत्येक मालकाचाही. तडा गेला, पाया सरकला, दुरुस्ती ज्याची त्याने करायची. अठ्ठ्याऐंशीनंतर हाइन्त्सने पट्टी का घातली नाही, तेही त्यांच्याकडून कळलं. खालची खाण बंद झाली आणि जमीन बसायची थांबली होती.

मी शेवटचा प्रश्न विचारला. "ही जमीन पूर्ण वर येईल का? होती तिथे?"

हेर ब्रांड्ट यांनी चष्मा काढला. "कधीच नाही. हातभर गेलेली बोटभर येते. फार तर आणखी एखादी पट्टी निघेल. अठ्ठ्याहत्तरची तिथेच राहणार."

त्यांनी एकशे वीस युरो घेतले आणि पावती दिली. घरी येऊन मी तो तुकडा काचेच्या पेल्यात पाणी घालून ओट्यावर ठेवला. सकाळी अन्वीने हाक मारली. पेल्यात दगड नव्हता. तळाशी राखाडी लगदा, वर गढूळ पाणी, आणि मध्ये नखाएवढा एक शिंपला, कोरा, जणू आत्ताच समुद्रातून काढलेला.

"काका," अन्वी म्हणाली, आणि पुढचं चक्क मराठीत, "हे आपल्या खाली आहे?"

गुरुवार: एक नाणं

गुरुवारी आम्ही तिघं गेलो, नितीन, मेघना आणि मी. नितीन म्हणत होता फोनवर कळवू, इथे तसंच करतात. मी म्हणालो, इसार मी हातात दिला आहे, नाहीही समोर जाऊनच सांगणार. साडेतीनला घंटा. दार लगेच उघडलं.

नितीननेच सांगितलं. अडखळत, पण सगळं: चीर, उतारा, कर्ज, मुलगी. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी मान हलवली, उठल्या, कपाटातून कुंकू लावलेलं पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं.

"नाही," मी म्हणालो. "मागे आम्ही फिरलो. आमच्या रीतीने हे तुमचं झालं."

"आमच्या रीतीने," मेघना त्यांचं सांगत होती, "नोटारशिवाय काही झालंच नाही. मी पैसे घेतले तर मी चोर."

"आणि मी परत घेतले तर माझा शब्द गेला."

"दादा," नितीन मराठीत दातओठ खात म्हणाला, "पाचशे युरो आहेत. तुझा शब्द रविवारीच गेला. घे ते."

त्याने तोपर्यंत मला टोचेल असं काही म्हटलं नव्हतं. म्हणाला ते खरंच होतं. मी पाकीट उचललं. मोजायची सवय सुटत नाही, उघडून मोजलं. दहा नोटा. पाचशे.

बाईंच्या ते लक्षात आलं. त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या आणि टेबलाच्या कापडाकडे बोट केलं. मी वाकून ते उचललं. बागेकडच्या डाव्या पायाखाली आता तीनच पट्ट्या होत्या, ७८, ७९, ८१. त्यांच्यावर, चौऱ्याऐंशीच्या जागी, माझं एक युरोचं नाणं. उजव्या पायाखाली त्यांच्या पर्समधलं दुसरं.

"पट्टी ठेवली तर जास्त होत होतं, काढली तर कमी," मेघनाने सांगितलं. "काल नाणं घालून पाहिलं. बसलं."

मी पाणसळ काढली. कापडावर ठेवली. बुडबुडा मधोमध. रविवारचा तो केस राहिला नव्हता. पट्टी तीन मिलिमीटर, नाणं दोन आणि वर एकतृतीयांश, असं नंतर नितीनच्या व्हर्नियरने मोजलं. म्हणजे रविवारी मी सोडून दिलेला फरक दोनतृतीयांश मिलिमीटर होता. त्या बाईंनी तो डोळ्यांनी, कपातल्या कॉफीवरून पकडला होता.

फ्राऊ नोवाक माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी एकच विचारलं. मोजणीवाल्या साहेबांनी सांगितलं का, अठ्ठ्याहत्तरपर्यंत अजून किती?

नितीनने माझ्याकडे पाहिलं. मेघना शब्दाला शब्द लावते, त्यामुळे माझ्या तोंडून जे निघेल तेच त्यांच्यापर्यंत जाणार होतं. एकतीस वर्षांत मी मापाचा आकडा दाबून ठेवलेला नाही. धुक्यात बागेची खिडकी पांढरी दिसत होती. जवळच कुठेतरी पंपांची ती घरघर चालू असणार, पण तिथून ऐकू येत नव्हती.

"मोजत राहावं लागेल," मी म्हणालो.

मेघनाने सांगितलं. बाईंनी मान डोलावली, रविवारी मी डोलावली होती तशी. मग मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि घर विकायचं त्यांनी आता थांबवलं आहे, असं निरोप घेताना म्हणाल्या. भाचीला फोन करून सांगणार होत्या. जिने हळूहळू चढता येतात.

बसथांब्यावर आलो. नितीनने त्या दक्षिणेकडच्या जागेसाठी फोन लावला. ती मंगळवारीच दुसऱ्याला गेली होती. तो फोन खिशात ठेवत म्हणाला, "पुढचं घर बघायला येशील?"

"बोलावलंस तर."

"जमिनीवर ठेवायची, दादा."

"जमिनीवर ठेवेन."

त्यांची जागेची शोधाशोध हे लिहीपर्यंत चालू आहे. पाचशे युरो मी निघताना त्याच्याच हातात दिले, नव्या घराच्या इसारासाठी. नाशिकला आल्यावर पहिल्याच दिवशी मी आमच्या बैठकीच्या फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध आला. तरी मी टेबल, कपाट आणि देवघर एकेक करून हलवलं आणि प्रत्येकाच्या पायाखाली बघितलं. बायको दारात उभी राहून बघत होती. काय शोधताय, असं तिने विचारलं तेव्हा मी देवघर जागेवर सरकवत होतो.

अखेरची नोंद. हेर ब्रांड्ट यांना एकशे वीस युरो, पावती वहीत डकवली आहे. फ्राऊ नोवाक यांना एक युरो. पावती नाही, तो टेबलाच्या डाव्या पायाखाली आहे, आणि टेबल सरळ आहे.